क्वांटम म्हणजे ‘काहीही शक्य’ नव्हे

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयीन युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘क्वांटम मेकॅनिक्स आणि अणू-रेणू’. वर म्हणाले, “मॅडम, गणित नको, पण फार वरवरचंही नको.” मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे विषय माझ्या रोजच्या कामातला आहे. पण मी लगेच हो म्हटलं त्याचं कारण वेगळं आहे. ते आधी सांगते.

माझी खाला बरेच दिवस डोकेदुखीने हैराण होती. बाजूने येणारं माणूस तिला दिसायचं नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. त्याच सुमारास मोहल्ल्यात मोफत आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. तिथे एक यंत्र होतं. हातात धातूची कांडी धरायची, एक मिनिट गप्प बसायचं, की संगणकातून अहवाल बाहेर. यकृत, मूत्रपिंड, हाडं, मेंदू, सगळ्याचा. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ हा शब्द होता. अहवालात मेंदूसमोर ‘सामान्य’ असं छापलेलं होतं आणि शरीरात ‘विषारी द्रव्यं’ वाढल्याचं लिहिलं होतं. त्यावर तीन महिन्यांच्या पुड्या दिल्या. शिबिर मोफत, पुड्या मात्र विकत.

खालाने मला मोठ्या कौतुकाने फोन केला. “बेटा, तुझ्याच विषयातलं मशीन आहे!” मी तेव्हा परीक्षेच्या पेपरांत बुडालेली. “बरं खाला, नंतर बोलू,” म्हटलं आणि फोन ठेवला. ती माझी चूक. पाच महिन्यांनी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला एमआरआय करायला पाठवलं. मेंदूच्या तळाशी गाठ होती आणि ती डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. ऑपरेशन झालं. खाला आज आपल्यात आहे, पण एका डोळ्याची नजर परत आली नाही.

माझी खाला अडाणी नाही. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, रोज वर्तमानपत्र वाचते. तिने कुठेतरी ऐकलं होतं की क्वांटम म्हणजे काहीतरी गूढ. तिथे एक वस्तू दोन ठिकाणी असते, बघितलं की बदलते, सगळं सगळ्याशी जोडलेलं असतं. मग तिथे काहीही होत असेल तर कांडीला यकृत का कळू नये? हा समज पसरवण्यात आम्हा शिकवणाऱ्यांचा वाटा आहे. आम्ही या विषयातल्या चमत्कारिक गोष्टी चवीने सांगतो आणि त्यातली शिस्त सांगायची राहून जाते.

म्हणून आज मला एवढंच सांगायचं आहे. क्वांटम मेकॅनिक्स, मराठीत पुंजयामिकी, हे ‘नाही’ म्हणणारं शास्त्र आहे. अणूमध्ये काय होऊ शकत नाही हे ते आकड्यांत सांगतं. आणि त्या ‘नाही’मुळेच तुम्ही, मी, ही खुर्ची, हे सगळं टिकून आहे.

दोन फुगे

जत्रेतला किंवा उरुसातला फुगेवाला आठवा. त्याच्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोजन असतो, कारण तो स्वस्तात तयार होतो. कॉस्टिक सोडा, पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे एकत्र आले की हायड्रोजन सुटतो. त्या वेळी उष्णता आणि दाबही वाढतो. अशा सिलिंडरचे स्फोट झाल्याच्या आणि त्यात फुगेवाले, मुलं दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. हायड्रोजनच्या फुग्याजवळ काडी पेटवली तर तो भडकतो.

आता दुसरा फुगा घ्या, हेलियमचा. तोही हवेत वर जातो, पण त्याला काडी लावली तर फुगा फुटेल, इतकंच. हेलियम जळत नाही.

हायड्रोजनच्या अणूत एक इलेक्ट्रॉन, हेलियमच्या अणूत दोन. आवर्तसारणीत हे पहिले दोन शेजारी. एका इलेक्ट्रॉनने असा काय फरक पडतो, की एक वायू पेट घेतो आणि दुसरा कोणाशी बोलायलाही तयार नाही? या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला १९२७ साल उजाडावं लागलं. ते उत्तर म्हणजेच आजचा विषय.

पिवळी रेषा

हेलियमची ओळख माणसाला जमिनीवर झाली नाही, सूर्यावर झाली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची सावली दक्षिण भारतावरून गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तेव्हा त्यात तेजस्वी रेषा दिसल्या. एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जवळ होती, पण नेमकी तिथे नव्हती. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाही या ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि पिवळ्या रेषेचा पाठपुरावा केला. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. ही आली ५८७.६ला. पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या कुठल्याही मूलद्रव्याची ती नव्हती. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम.

इथे थोडं थांबते, कारण हा आपल्या कोकणाचा विषय आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की लॉकियर साहेबांनी १८६८ साली इथूनच हेलियम शोधला. मीही लहानपणी हे ऐकलं आणि वर्गात अभिमानाने सांगितलंसुद्धा. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. १८९५ साली विल्यम रॅम्झी यांनी तो युरेनियमच्या एका खनिजातून मिळवला. त्याच १८९८च्या ग्रहणाचे वेध पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊरहून घेतले होते. त्यांचं नाव मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

मला ती गोष्ट आवडत होती. ती सोडताना जड गेलं. पण आवडती गोष्ट पुराव्यापुढे सोडायची तयारी नसेल तर पुढचं काहीच समजणार नाही, कारण अणूची सगळी कहाणी अशा सोडून देण्याचीच आहे.

अणू कोसळत का नाही?

१९११ साली रदरफोर्ड यांनी दाखवलं की अणूच्या मध्यभागी अगदी लहानसं जड केंद्रक असतं आणि इलेक्ट्रॉन त्याच्याबाहेर असतात. चित्र छान होतं, सूर्यमालेसारखं. पण जुन्या भौतिकशास्त्रानुसार फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश बाहेर टाकणार, त्याची ऊर्जा कमी होत जाणार आणि तो केंद्रकात जाऊन पडणार. हिशेब केला तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच. म्हणजे जुन्या नियमांप्रमाणे जगात एकही अणू शिल्लक राहायला नको होता.

१९१३ साली नील्स बोर यांनी एक धाडसी नियम मांडला. इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा घेता येत नाही. ठरावीक पायऱ्याच आहेत. हायड्रोजनमध्ये सगळ्यात खालची पायरी शून्याच्या खाली १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. दुसरी ३.४. तिसरी १.५. मधल्या जागी उभं राहता येत नाही. तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरला की ३.४ वजा १.५, म्हणजे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. ही ऊर्जा म्हणजे ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा. हायड्रोजनच्या वर्णपटात ती रेषा नेमकी तिथेच आहे, आणि ती बोर यांच्या आधीपासून मोजलेली होती. बघा, पहिला ‘नाही’ इथे आला: मधल्या जागी राहायचं नाही.

मग लोकांनी हाच नियम हेलियमला लावला. एक इलेक्ट्रॉन काढून टाकलेला हेलियम असेल तर उत्तर बरोबर यायचं. पण दोन्ही इलेक्ट्रॉन असले की उत्तर चुकायचं. बोर, क्रामर्स, बोर्न, हायझेनबर्ग, सगळ्यांनी हात लावून पाहिला. जवळपास दहा वर्षं हेलियम कोणाला दाद देईना. यांपैकी कोणीही असं म्हटलं नाही की ‘हेलियममध्ये काहीतरी गूढ शक्ती आहे, म्हणून आमचा आकडा जुळत नाही’. आकडा जुळत नाही याचा अर्थ त्यांनी सरळ घेतला: आपला नियम अपुरा आहे.

नवा नियम

१९२५ आणि १९२६ या दोन वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी वेगवेगळ्या वाटांनी नवा नियम मांडला. त्यातल्या दोनच गोष्टी आपल्याला आज लागणार आहेत.

पहिली गोष्ट. इलेक्ट्रॉन हा छोटा गोळा ठरावीक वाटेवर फिरतोय हे चित्र सोडून द्यायचं. त्याचं वागणं तरंगासारखं आहे. दोन टोकांना बांधलेली तार छेडली की तिच्यातून ठरावीकच सूर निघतात, मधले निघत नाहीत. केंद्रकाच्या आकर्षणाने बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगाचंही तसंच. बोर यांनी पायऱ्या गृहीत धरल्या होत्या. इथे त्या आपोआप बाहेर येतात.

आणि तरंगाला चेपून लहान जागेत कोंडलं की त्याची हालचाल वाढते. हेच ते अनिश्चितता तत्त्व, ज्याच्या नावावर लोक वाट्टेल ते खपवतात. प्रत्यक्षात तो एक काटेकोर हिशेब आहे. इलेक्ट्रॉनची जागा निम्मी केली तर आकर्षणाचा फायदा दुप्पट होतो, पण हालचालीच्या ऊर्जेचा खर्च चौपट होतो. व्यापाऱ्याच्या मुलाला हे लगेच कळेल. फायदा दुप्पट आणि खर्च चौपट होणारा धंदा एका हद्दीपलीकडे कोणी वाढवत नाही. हायड्रोजनमध्ये ही हद्द ०.०५३ नॅनोमीटरवर येते. म्हणून अणू कोसळत नाही, आणि म्हणून सगळे हायड्रोजन अणू एकाच मापाचे. एका सेंटिमीटरमध्ये ओळीने साधारण दहा कोटी बसतील.

दुसरी गोष्ट वुल्फगँग पाउली यांनी १९२५ साली मांडली. इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ नावाचा एक गुण असतो आणि मोजला तर तो दोनच प्रकारांत सापडतो. सोयीसाठी एकाला वर म्हणू, दुसऱ्याला खाली. पाउली यांचा नियम असा: एकाच अणूत दोन इलेक्ट्रॉन सगळ्या बाबतींत सारखे असू शकत नाहीत. म्हणजे एका जागेत फार तर दोन, तेही एक वर आणि एक खाली. तिसऱ्याला तिथे प्रवेश नाही. हा दुसरा ‘नाही’.

हा नियम नसता तर प्रत्येक अणूतले सगळे इलेक्ट्रॉन सगळ्यात खालच्या पायरीवर गोळा झाले असते. मग सोडियम, कार्बन, लोखंड यांचे आजचे स्वभाव उरले नसते. मीठ नसतं, पाणी नसतं, आपणही नसतो. अख्खी आवर्तसारणी या एका ‘नाही’वर उभी आहे.

हेलियम अखेर सुटला

या दोन गोष्टी हातात घेऊन १९२६ साली हायझेनबर्ग पुन्हा हेलियमकडे वळले. हेलियमचं एक जुनं कोडं होतं. त्याच्या रेषा दोन स्वतंत्र कुळांत पडायच्या, इतक्या वेगळ्या की १८९५च्या सुमारास काहींना वाटलं, हे दोन वायूंचं मिश्रण आहे. हायझेनबर्ग यांनी दाखवलं की वायू एकच आहे. एका कुळात दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन विरुद्ध असतात, दुसऱ्या कुळात सारखे. स्पिन सारखे असले की पाउलीच्या नियमाने दोघांना सगळ्यात खालच्या पायरीवर एकत्र राहता येत नाही, एकाला वरच राहावं लागतं. आणि प्रकाश बाहेर टाकून एका कुळातून दुसऱ्या कुळात जाणं जवळपास अशक्य असतं.

गुंटूर आणि मछलीपट्टणमच्या आकाशात दिसलेली ती पिवळी रेषा, ५८७.६ नॅनोमीटरची, सारख्या स्पिनवाल्या कुळातली आहे. ती प्रथम दिसली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. तिचा अर्थ लागायला अठ्ठावन्न वर्षं लागली.

पुढे १९२९ साली नॉर्वेच्या हिलेरास यांनी हेलियममधून एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते याचा हिशेब केला. तो प्रयोगातल्या आकड्याशी जुळला: २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. हायड्रोजनला १३.६ पुरतात. कुठल्याही मूलद्रव्यातून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेत हेलियमचा आकडा सगळ्यात मोठा आहे. इतका घट्ट तो आपले दोन इलेक्ट्रॉन धरून असतो.

अणूपासून रेणूकडे

आता फुग्यांकडे परत येऊ. हायड्रोजनच्या फुग्यात सुटे अणू नसतात, दोन-दोन अणूंचे रेणू असतात. दोन्ही अणू विद्युतदृष्ट्या उदासीन. मग ते एकमेकांना धरून का राहतात? शाळेत आपण पाठ केलं, ‘इलेक्ट्रॉनांची भागीदारी होते’. पण भागीदारीने फायदा का व्हावा, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

१९२७ साली झुरिकमध्ये हाइटलर आणि लंडन या दोन तरुणांनी हा हिशेब मांडला. लंडन हे इथे आडनाव आहे, शहर नव्हे. दोन हायड्रोजन अणू जवळ आणले आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन विरुद्ध असले, तर दोन्ही इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत एकत्र वावरू शकतात. तिथे त्यांना दोन्ही केंद्रकांचं आकर्षण मिळतं. एकूण ऊर्जा कमी होते आणि बंध तयार होतो. स्पिन सारखे असतील तर मधल्या जागेत त्यांना एकत्र येता येत नाही आणि अणू एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्या पहिल्या हिशेबात बंधाची ताकद खऱ्या ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांश आली. आकडा कमी पडला, पण बंध का होतो हे पहिल्यांदा कळलं.

आता दोन हेलियम अणू जवळ आणा. प्रत्येकात आधीच एक वर, एक खाली, अशी जोडी पूर्ण आहे. चार इलेक्ट्रॉन झाले. बंध बांधणाऱ्या खालच्या जागेत दोनच मावतात. उरलेल्या दोघांना वरच्या पायरीवर जावं लागतं आणि ते बंध मोडायचं काम करतात. फायद्यापेक्षा तोटा जास्त, म्हणून रासायनिक बंध नाही. केवळ शून्य तापमानाच्या अगदी जवळ दोन हेलियम अणू अत्यंत क्षीण आकर्षणाने एकमेकांपाशी रेंगाळतात. तशी जोडी १९९३ साली प्रयोगात दिसली, तीही हलक्या धक्क्याने सुटणारी.

तर उत्तर असं आहे. हायड्रोजनला ऑक्सिजनबरोबर बंध करून पाण्यात अधिक खालच्या ऊर्जेवर जाता येतं. काडीची ज्योत सुरुवातीचा अडसर ओलांडून देते आणि उरलेली ऊर्जा आगीच्या रूपाने बाहेर येते. हेलियमला कुठेही जाऊन काही मिळण्यासारखं नसतं. फुगेवाल्याच्या सिलिंडरजवळ विडी का पेटवू नये, याचं मुळापासूनचं कारण पाउलीच्या नियमात आहे.

आणि आज विज्ञान दिन आहे, तेव्हा रामन यांची आठवण काढायलाच हवी. २८ फेब्रुवारी १९२८. प्रकाश रेणूंवरून विखुरतो तेव्हा त्यातल्या थोड्याशा भागाचा रंग बदलतो, हे त्यांनी कलकत्त्यात दाखवलं. कारण तेच: रेणूची कंपनंही पायऱ्यांनीच होतात आणि प्रत्येक रेणूच्या पायऱ्या वेगळ्या. आज याच परिणामाने औषधाची गोळी खरी की बनावट, हे पुडी न फोडता तपासता येतं.

प्रयोगाची चूक हिशेबाने पकडली

आणखी एक प्रसंग सांगते, तो मला फार आवडतो. हायड्रोजनचा रेणू तोडायला सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. १९६८ साली कोवोस आणि वोल्निएविच यांनी हा आकडा पुंजयामिकीने अतिशय बारकाईने काढला. तो हर्झबर्ग यांच्या प्रयोगातल्या आकड्याशी जुळेना. फरक किती? साधारण दहा हजारात एक भाग. हर्झबर्ग या क्षेत्रातले सगळ्यात मोठे जाणकार. नाझी राजवटीत जर्मनी सोडून कॅनडात आलेला माणूस. ‘माझ्या प्रयोगावर शंका घेणारे तुम्ही कोण?’ असं ते म्हणू शकले असते. त्यांनी प्रयोग पुन्हा, जास्त काळजीने केला. १९७०चा नवा आकडा हिशेबाशी जुळला. जुन्या मापनात चूक होती. पुढच्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दहा हजारात एक भाग एवढ्या फरकावर ज्या शास्त्रात झोप उडते, त्या शास्त्राचं नाव घेऊन एका मिनिटात पन्नास अवयवांचा अहवाल छापणारा माणूस तुमच्यासमोर बसतो. फरक लक्षात येतोय ना?

खाला आणि दोन वायू

आता शेवटचं. खाला ज्या एमआरआय यंत्रात झोपली ते खरोखर क्वांटमवर चालतं. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे. त्याच्या केंद्रकालाही स्पिन असतो. जोरदार चुंबकात त्याच्या दोन पायऱ्या होतात. १.५ टेस्लाच्या चुंबकात या पायऱ्यांमधलं अंतर सेकंदाला सुमारे ६.४ कोटी कंपनांच्या रेडिओलहरींशी जुळतं, इतर लहरींशी नाही. त्या लहरी सोडायच्या, परत येणारा संकेत टिपायचा आणि त्यातून चित्र तयार करायचं.

एवढं जोरदार चुंबक तापू नये म्हणून बहुतेक यंत्रांत ते द्रव हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवतात. इतक्या थंडीत दुसरं कुठलंच मूलद्रव्य द्रव राहत नाही. हेलियमचे अणू एकमेकांना इतके कमी धरतात आणि अनिश्चितता तत्त्वामुळे इतके हलत राहतात, की साध्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठतच नाही. आणखी थंड केला की तो कसल्याही अडथळ्याविना वाहू लागतो. त्याचं पहिलं स्पष्टीकरण १९३८ साली त्याच फ्रिट्झ लंडन यांनी दिलं. ज्यू असल्यामुळे १९३३ नंतर त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. आणि त्या स्पष्टीकरणाचा आधार होता ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली मांडलेल्या मोजणीच्या पद्धतीत.

म्हणजे खालाच्या मेंदूतली गाठ दाखवली ती आपल्या दोन फुग्यांतल्या वायूंनी. आतल्या हायड्रोजनने संकेत दिला, बाहेरच्या हेलियमने चुंबक थंड ठेवलं. त्या कांडीजवळ ना असं चुंबक होतं, ना तशा लहरी. नाव तेवढं होतं.

ऑपरेशननंतर मी तशाच एका शिबिरात गेले. हात माझाच. एकदा माझं खरं नाव आणि वय सांगितलं. तासाभराने दुसऱ्या टेबलावर दुसरं नाव आणि वीस वर्षांनी कमी वय सांगितलं. दोन अहवाल वेगळे आले. दुसऱ्यात माझी हाडं तरुण झाली होती! एवढी साधी तपासणी मी पाच महिने आधी केली असती तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

म्हणून तुम्हाला तीन प्रश्न देऊन ठेवते. ‘क्वांटम’ म्हणून कोणी काही विकायला आलं, मग ते लॉकेट असो, पाण्याची बाटली असो, उपचार असो किंवा कोणाचं प्रवचन असो, तर विचारा. एक, तुम्ही नेमकं काय मोजता आणि कुठल्या एककात? दोन, तीच वस्तू दुसऱ्याने मोजली तर तोच आकडा येतो का? तीन, काय दिसलं तर तुम्ही मान्य कराल की तुमचं चुकलं? हायझेनबर्ग, लंडन, हर्झबर्ग यांच्याकडे तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती. कांडीवाल्याकडे एकाचंही नव्हतं.

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. घरातल्या मोठ्यांशी बोलताना अदब ठेवा, त्यांना हसू नका. खालाला मी कधीच हसले नाही. पण फोन आला तर माझ्यासारखं ‘नंतर बोलू’ म्हणू नका. त्याच वेळी बोला.

आता तुमचे प्रश्न घेते.